शुगर म्हणजे खडी

मागच्या आठवड्यात पोरीचा डिक्टेशनचा पेपर आला. दहापैकी आठ. दोन चुकले त्यातला एक शब्द शुगर, आणि तिनं लिहिलं होतं एस एच यू जी ए आर. तिच्या हिशोबानं एकदम बरोबर, श आला की एस एच लिहायचं हे बाईंनीच शिकवलंय. एचवर लाल पेनानं काट आणि खाली 'दहा वेळा लिहिणे'. रडवेली होऊन माझ्याकडं आली, म्हणाली बाबा, शुगर म्हणताना एच ऐकू येतोय का नाही? म्हटलं येतोय की. मग का काटला?

आता ह्याला मी काय उत्तर देणार. आमच्या वेळी वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं आणि सरांचा नियम सोपा होता, स्पेलिंग दिसतंय तसं वाचा. एस यू जी ए आर, सुगर. आख्खा वर्ग सुगर म्हणायचा, सर पण सुगर म्हणायचे, कुणाचं काही अडलं नाही. पुढं अकरावीला सांगलीला आलो तेव्हा केमिस्ट्रीच्या तासाला मी सुगर म्हणालो आणि मागच्या बाकावरची पोरं जी हसली ती अजून आठवतात. तेव्हापासून शुगर.

पोरगी हे विचारत होती तेव्हा आप्पा तिथंच डायनिंग टेबलावर ग्लुकोमीटर घेऊन बसलेले. बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला, मशीन पाच सेकंद विचार करत बसलं. आईनं आतून विचारलं, "किती आली शुगर?" आप्पा म्हणाले, "एकशे बेचाळीस." आणि आई चहा गाळता गाळता मला म्हणाली, "साखर संपत आलीया, उद्या येताना आण."

त्या दोन मिनिटांत आमच्या घरात तो एकच शब्द तीन प्रकारे फिरला आणि कुणाचाही गोंधळ झाला नाही. बघा ना, आपल्याकडं ही वाटणी किती पक्की झालीय. डब्यात असते ती साखर, रक्तात असते ती शुगर. "चहात शुगर किती घालू" असं आमच्या आईनं विचारलं तर मी आधी तिचं बीपी बघेन. आणि "त्यांना साखर आहे" म्हटलं तर शेजारी वाटी घेऊन येतील. "शुगर हाय त्यास्नी" म्हटलं की समोरचा लगेच आवाज खाली आणतो. मला वाटायचं हे फक्त आपल्याकडंच, पण अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत जुनी माणसं मधुमेहाला नुसतं शुगरच म्हणतात, त्याला शुगर आहे, झालं, डायबेटिस वगैरे म्हणत बसत नाहीत. म्हणजे आमची आई आणि तिकडची एखादी आजी एकमेकींना भेटल्या तर ह्या एका शब्दावर त्यांचं तासभर निभेल.

तर पोरीला उत्तर द्यायचं म्हणून मी त्या शब्दाच्या मागं लागलो आणि मग काही सोडवेना.

सुरुवात आप्पांपासून करायला पाहिजे. आप्पा कारखान्यात होते. सांगली-सातारा भागातल्या माणसाला कसला कारखाना हे सांगावं लागत नाही, कारखाना म्हणजे साखरेचाच, बाकीच्यांना कंपनी म्हणतात. आप्पा पॅनमन होते, सदतीस सीझन. लहानपणी मला कुणी विचारलं वडील काय करतात तर मी सांगायचो साखर करतात, आणि त्यात काही खोटं नव्हतं, कारण कारखान्यात हजारभर माणसं असली तरी रसाची साखर होते ती पॅनवर. बाकी सगळं त्याच्या आधीचं नाहीतर नंतरचं.

व्हॅक्युम पॅन म्हणजे दोन मजल्यांएवढं बंद भांडं. आतली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळं पाक साठ-पासष्ट डिग्रीलाच उकळतो, करपत नाही, लाल होत नाही. ही युक्ती एडवर्ड हॉवर्ड नावाच्या इंग्रजाची, १८१३ सालची, आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. पाक ठराविक घट्ट झाला की त्यात अगदी पिठासारख्या वाटलेल्या साखरेचं सीड सोडायचं आणि मग त्या कणांवर साखर चढत जाते. ह्यात घाई केली की मधेच भलताच बारीक दाणा सुटतो, त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात, आणि तो एकदा सुटला की पॅनमनची पाळी खराब गेली म्हणून समजायचं.

मी सातवीत असताना आप्पांचा डबा घेऊन सेकंड शिफ्टला गेलो होतो तेव्हाचं एक चित्र डोक्यात पक्कं बसलंय. पॅनच्या मजल्यावर भयंकर उकाडा, खाली फरशी चिकट, चपलेचा चट् चट् आवाज. आप्पांनी पॅनच्या अंगातून एक पितळी दांडी खेचून काढली, तिच्या खाचेत तपकिरी चिखलासारखा मॅसिक्विट, म्हणजे दाण्यांसकट घट्ट पाक, आलेला, तो त्यांनी बोटानं काचेच्या तुकड्यावर पसरला आणि काच बल्बसमोर धरली. एक डोळा बारीक केला. मग मला जवळ घेऊन म्हणाले, "बघ, दिसतंय का?" त्या चिखलात बारीक बारीक काचा चमकत होत्या, कडा असलेल्या, चौकोनी चौकोनी. "ह्यो दाणा. रस काय कुणाकडंबी असतोय. दाणा धरला तर साखर, न्हाईतर काकवी."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं होतं. आता शुगरचं मूळ शोधताना ते एकदम अंगावर आलं, कारण शुगर ह्या शब्दाचा मूळ अर्थ गोड असा कधी नव्हताच. त्याचा अर्थ आहे दाणा. अजून मागं जा, खडी.

शुगरचं मूळ संस्कृत शर्करा. आणि शर्करा म्हणजे जुन्या संस्कृतात वाळूतले खडे, कंकर, खरखरीत बारीक खडी. रस्त्यावर टाकतात ती. उसाचा रस आटवून त्याचे खडे करायची विद्या आली तेव्हा लोकांनी त्या नवीन पदार्थाकडं बघून त्याला खडी म्हटलं, चवीवरून नाव दिलंच नाही. शर्कराची प्राकृतात सक्करा झाली, तिची आपली साखर. आता गंमत बघा, आपण खडीसाखर म्हणतो, म्हणजे खड्यांची साखर, आणि साखर म्हणजे आधीच खडे. देवळात प्रसाद म्हणून हातावर पडते ती खडी-खडी.

आणि हे एकट्या साखरेचं नाही. गूळ घ्या. गूळ संस्कृत गुड, गुड म्हणजे गोळा. खंड म्हणजे तुकडा, तोच फारसीत कंद झाला, अरबीतून फ्रेंचमध्ये गेला आणि इंग्रजीत कँडी झाला, म्हणजे पोरं ज्याच्यासाठी दुकानात हट्ट करतात त्या कँडीचा अर्थ नुसता तुकडा. गोळा, तुकडा, खडा. आपल्या लोकांनी गोड वस्तूंना जी नावं दिली ती सगळी आकाराची. चवीचा शब्द उलट मागनं आला, गोड हा शब्दच गुळातून आलाय, गुळासारखं लागतं ते गोड. मला हे फार आवडलं. म्हणजे आधी काहीतरी गोड होतं आणि त्यातलं एक गूळ, असं आपण समजतो, पण भाषेच्या हिशोबानं आधी गूळ, मग गोड.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या मालाची यादी आहे, त्यात उसाच्या पदार्थांची ओळ लागते ती अशी, फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. फाणित म्हणजे आपली काकवी, पातळ. मग गोळा होणारा गूळ. मग मत्स्यंडिका, हिचा अर्थ माशाच्या अंड्यांसारखी, म्हणजे रवाळ, नुकता दाणा धरायला लागलेली. मग तुकडे, मग खडे. मी हे आप्पांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते, मत्स्यंडिकेला त्यांनी डोळे उघडले. "माशाच्या अंड्यागत? बराबर हाय. सीड सोडल्यावर अर्ध्या तासानं तसंच दिसतंय." दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा कोठारवाल्यानं दाणा बघून माल लावला होता आणि आमचे आप्पा पण आयुष्यभर तेच करत आले, एम-तीस, एस-तीस. पोत्यावर हे लिहिलेलं असतं पण फार कमी लोक बघतात. एम म्हणजे मध्यम दाणा, एस म्हणजे बारीक, आणि तीस हा रंगाचा नंबर. ह्या ग्रेडमध्ये गोडी कुठंच नाही, कारण गोडी सगळ्यांची सारखीच. भाव ठरतो दाण्यावर आणि रंगावर.

मग मला एक प्रश्न पडला. हा शब्द जगभर का गेला? इंग्रजीत शुगर, फ्रेंचमध्ये सुक्र, जर्मनमध्ये त्सुकर, इटालियनमध्ये झुक्केरो, रशियनमध्ये साखर, हो, जवळजवळ आपल्यासारखंच साखर. अरबीत सुक्कर, फारसीत शकर. स्पॅनिशमध्ये अरबी अल चिकटून आसुकार. एवढ्या भाषांनी तोच शब्द घेतला, पण उसाचा शब्द मात्र कुणी घेतला नाही. संस्कृत इक्षु, त्याचाच आपला ऊस, तो शब्द बाहेर फारसा गेलाच नाही, तिकडच्या लोकांनी उसाला आपापलं बोरू, वेत, कांडी असलंच काहीतरी म्हटलं.

उत्तर गुऱ्हाळावर आहे. कऱ्हाडकडं माझे मामा, त्यांचं गुऱ्हाळ होतं, दिवाळीनंतर चुलाण पेटायचं ते होळीपर्यंत. तिथं उभं राहिलं की कळतं रस किती नाजूक प्रकरण आहे. सकाळी काढलेला रस दुपारी आंबायला लागतो, फेस येतो, वास बदलतो. ऊससुद्धा तोडल्यावर पडून राहिला की उतारा घटतो, म्हणून तर तोडणी झाली की ट्रॅक्टर रात्रीबेरात्री कारखान्याच्या गव्हाणीकडं पळत असतात. रस गावाच्या वेशीबाहेर जाऊ शकत नाही. काहिलीत भेंडीचं पाणी घालून मळी काढून, हलवत हलवत आटवून, गुळव्यानं बोटावर पाकाची गोळी बघून काहील उतरवली की मग तो गूळ सांगलीच्या मार्केट यार्डात जातो, तिथनं गुजरातला जातो. आणि दाणेदार साखर तर उंटावरनं जाते, गलबतातनं जाते, वर्ष-दोन वर्षं तशीच राहते. प्रवास फक्त खडा करू शकतो. म्हणून खड्याचाच शब्द जगभर फिरला आणि रसाचा आणि उसाचा घरी राहिला.

बाहेरच्यांना पहिल्यांदा हे बघून काय वाटलं असेल? सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसनं लिहिलं की इथं मधमाश्यांशिवाय बोरूतून मध येतो. पुढं पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्यानं सक्खारोनचं वर्णन केलंय, घट्ट झालेला मध, भारतातल्या बोरूत मिळतो, दिसायला मिठासारखा आणि मिठासारखाच दाताखाली फुटतो. दाताखाली फुटतो! त्यानं पण गोडीचं कौतुक मधावर भागवलं आणि मग खडा चावला. चिनी लोक तर सरळ दगडी मध म्हणाले, आणि ६४७ साली तांग सम्राटानं मगधाला माणसं पाठवली ती खास हा दगड कसा करायचा ते शिकायला. उलटा प्रवास पण झालाच. हिंदीत साखरेला चीनी म्हणतात, खडीसाखरेला मिसरी, मिसर म्हणजे इजिप्त, आणि गुजरातीत पांढऱ्या साखरेला मोरस म्हणायचे, मॉरिशसवरनं. ज्यांच्याकडनं जग शिकलं त्यांनीच साखरेला बाहेरच्या गावांची नावं दिली. मराठीनं तेवढी साखर धरून ठेवली, का ते माहीत नाही, हट्टीपणा असेल.

इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या शेवटी आला आणि तेव्हा तिकडं साखर औषधवाल्याकडं मिळायची, चिमूटभर. पुढं कित्येक शतकं ती शंकूच्या आकाराच्या ढेपेत यायची, निळ्या कागदात गुंडाळलेली, आणि घरी लोखंडी चिमट्यानं तोडायची. ढेप! म्हणजे माझी आजी चुलीपुढं बसून बत्त्यानं गुळाची ढेप फोडायची, उडालेला चुरा आम्ही पोरं वेचायचो, तसंच लंडनातल्या घरात चाललेलं असणार. ब्राझीलमधल्या रिओतल्या त्या प्रसिद्ध डोंगराला शुगरलोफ म्हणतात ते त्या ढेपेवरूनच.

ह्या गोष्टीतला काळा भाग मी लांबवत नाही, पण टाळणं पण बरोबर नाही. कोलंबसनं १४९३ च्या दुसऱ्या फेरीत ऊस पलीकडं नेला आणि नंतरची तीन-चारशे वर्षं त्या बेटांवर आफ्रिकेतनं धरून आणलेल्या माणसांच्या जिवावर युरोपचा चहा गोड झाला. आपण लगेच च् च् करतो. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीडकडनं टोळ्या येतात, कोयत्यावर, मुकादमाकडनं घेतलेल्या उचलीच्या बोलीवर, आणि आमच्या गावाबाहेर पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या पडतात, बारकी पोरं घेऊन बाया पहाटे चारला फडात. तेव्हा च् च् जरा हळू करावं. आमच्या दोन एकरांतला ऊस पण त्याच कोयत्यानं तुटतो.

बरं, पोरीचा प्रश्न. एच नसताना श का? तर इंग्रजीत सुरुवातीला स आणि त्याच्या मागं यू असा उच्चार होता, स्यूगरसारखा काहीतरी, आणि भरभर बोलताना स्यूचा शू झाला. शुअर ह्या शब्दाचं पण तेच. म्हणजे इंग्रजांची जीभ घसरली, स्पेलिंग तिथंच राहिलं. पण ह्यात मला जे सापडलं ते मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलोय. मूळ शर्करा, तालव्य श. प्राकृतात तो श गेला, स आला. ग्रीकांनी स घेतला, अरबांनी स घेतला, मराठीनं तर साखरेत स कायमचा बसवून टाकला. फारसीनं तेवढा शकरमध्ये श जपला. आणि इंग्रजी, जी अरबी-लॅटिन-फ्रेंच अशी सगळी स वाली घरं फिरून आली होती, ती आपल्या आपण, कुणाला न विचारता, अपघातानं परत श वर आली. शर्करा, शुगर. म्हणजे आमचे सर सुगर म्हणायचे ते प्राकृत परंपरेला धरून होतं असं मी आता म्हणू शकतो, त्या मागच्या बाकावरच्या पोरांना सांगायला पाहिजे.

जॅगरीचं तर अजून भारी. गुळाला इंग्रजीत जॅगरी म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांनी मलबारातल्या चक्करा ह्या शब्दावरनं उचलला, आणि चक्करा म्हणजे परत शर्कराच. इंग्रजीत गूळ आणि साखर ह्या एकाच आईच्या दोन पोरी. इथं आपण गूळ पौष्टिक आणि साखर विष म्हणून भांडतोय. परवा विश्रामबागेतल्या एका मॉलमध्ये ऑरगॅनिक जॅगरी पावडर बघितली, अर्धा किलो, भाव बघून परत ठेवली. गोळा म्हणून ज्याचं नाव गूळ, त्याचा रवा करून त्याला शर्करेचं पोर्तुगीज नाव. ह्याला काय म्हणायचं.

ह्या गुळापायी आमच्या आक्कानं, म्हणजे आत्यानं, एक घोळ घातला होता. तिला फास्टिंग शुगर करायची होती, डॉक्टरांनी बजावलेलं सकाळी काही घ्यायचं नाही. आक्का लॅबमध्ये जाऊन आली, रिपोर्ट आला तो भलताच चढा, सगळे घाबरले, गोळी वाढवायची भाषा सुरू झाली. मग हळूहळू बाहेर आलं की निघताना कपभर चहा घेतला होता. "अगं पण काही घ्यायचं नव्हतं ना?" "साखर न्हाई घातली बाई, गुळाचा केला हुता." तिच्या डोक्यात साखर आणि शुगर हा एकच शब्द आहे हे खरं तर पक्कं होतं, म्हणून तर तिनं साखर टाळली. फसली ती गुळाचं वेगळं नाव आहे म्हणून.

आजाराकडं हा शब्द गेला ते मात्र अचानक नाही. सुश्रुतानं मुतखड्याबरोबर शर्करा सांगितलीय, लघवीतून येणारी बारीक खर. म्हणजे साखर रक्तात सापडायच्या कितीतरी आधी शर्करा हे दुखण्याचं नाव होतंच, खड्याच्या अर्थानं. आणि मधुमेहाला मधाचं नाव दिलं, लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या वैद्यांनी बघितलं होतं. पुढं सतराव्या शतकात थॉमस विलिस ह्या इंग्रज डॉक्टरनं चव घेऊन लिहिलं की ही लघवी गोड लागते. चव घेऊन, हो. तेव्हाचे डॉक्टर पण काय काय करायचे, आणि आपण बोट टोचायला कुरकुर करतो.

पण मला भेटावंसं वाटतं ते मॅथ्यू डॉब्सनला, लिव्हरपूलचा डॉक्टर. त्याचा लेख १७७६ सालचा. ह्यानं पेशंटची लघवी घेतली आणि मंद आचेवर आटवत ठेवली. अक्षरशः गुऱ्हाळ लावलं. सगळं पाणी उडाल्यावर तळाला पांढरी वडी उरली, आणि तो लिहितो की ती रवाळ होती, बोटांत धरली की सहज फुटत होती, वास तांबड्या साखरेसारखा आणि चव साखरेपेक्षा वेगळी काढता येत नव्हती. मग त्यानंच पुढं दाखवलं की रक्तातल्या पाण्यालाही गोडी असते, म्हणजे ही साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, आधी रक्तातच असते. नुसत्या गोड चवीवर तो थांबला नाही, त्यानं दाणा काढून दाखवला. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा आई नको ते जेवताना काय सांगतोस म्हणून ओरडली, आप्पा मात्र घास तसाच धरून थांबले. "आटवून बघितली म्हणतोस? दाणा धरला हुता?" धरला होता. "मग बराबर. पॅनमनच की त्यो."

आप्पांना शुगर निघाली ती रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी. सदतीस सीझन हवेत साखरेची धूळ, कपड्यांना मळीचा वास, दिवाळीला सभासद साखर पाच-दहा किलो स्वस्तात, आणि घरात चहा म्हणजे अर्धा पाक. गावात लोक म्हणाले कारखान्यामुळं झाली. असं काही नसतं, त्यांच्या आईला पण होती, बसून खाणं वाढलं, वय झालं. पण लोकांना गोष्ट जमल्यासारखी वाटते ना, साखरवाल्याला साखर. आप्पा स्वतः कधी तसं म्हणाले नाहीत. आता गोळी घेतात, सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालून येतात, आणि चहात एक बारकी पांढरी टिकली टाकतात. तिच्या डबीवर सुक्रालोज लिहिलंय, त्यातलं सुक्र म्हणजे फ्रेंच साखरच. पूर्वी सॅकरिन यायचं, ते १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये फालबर्ग नावाच्या केमिस्टला सापडलं, कारण तो काम संपवून हात न धुता जेवायला बसला आणि पाव गोड लागला. त्यातलं सॅकर म्हणजे परत शर्करा. साखर सोडली तरी शब्द कपात पडतोच.

सांगितल्याप्रमाणं दुसऱ्या दिवशी मी साखर आणली, दोन किलो, सुटी. आईनं डब्यात ओतायला घेतली तर आप्पा उठून आत गेले. त्यांनी तळहातावर चिमूटभर घेतली, खिडकीशी उजेडाला धरली, एक डोळा बारीक. मग दुसऱ्या हाताच्या बोटानं पसरली. "एस-तीस हाय. दाणा सारखा न्हाई, फॉल्स सुटलाय ह्येच्यात. कुठल्या कारखान्याची?" मला काय माहीत कुठल्या कारखान्याची, कोपऱ्यावरच्या वाण्याची. आईचं लक्ष साखरेकडं नव्हतं, त्यांच्या हाताकडं होतं. "बघून झालं आसंल तर डब्यात टाका." त्यांनी टाकली. तळहात मात्र झटकला नाही, तसाच मुठीत धरून बाहेर येऊन बसले, आणि मी मुद्दाम मोबाईलमध्ये बघत राहिलो.

पोरगी समोर वही घेऊन बसलेली, राहून गेलेली ती शिक्षा पुरी करत, जीभ बाहेर काढून, एक एक अक्षर. आप्पांनी विचारलं काय लिवतीयास एवढं?

"शुगर, आजोबा. दहा वेळा."

"धा वेळा?" आप्पा म्हणाले. "मला एकदाच झालीया तर ह्यो ताप."